वाळवंटातला रस्ता आणि आपला ड्रायव्हर



पासपोर्टचा अर्ज कसा भरावा, याविषयी या सदरात मागे लिहिले होते. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतो. आखाती देशात ड्रायव्हर म्हणून जायचे आहे, काय करावे? लिहिणारे बहुतेक आपल्याच सातारा-सांगली भागातले तरुण आहेत. कुणी वडाप चालवतो, कुणी हंगामात कारखान्याला ऊस ओढतो, कुणी मालट्रकवर क्लीनर होता तो आता स्टिअरिंगवर बसू लागला आहे. सगळे पगार विचारतात, जेवणखाण विचारतात. रहिमतपूरच्या बाजारात मात्र एका माउलीने मला वेगळाच प्रश्न केला. "भाऊसाहेब, तिकडचा रस्ता कसा असतोय वो?" तिचा मुलगा ट्रेलरवर जाणार आहे. पोरगा दिवसाचे दहा-बारा तास ज्याच्यावर काढणार तो रस्ता कसा आहे, हे तिला आधी हवे होते. मला हा प्रश्न पगाराच्या प्रश्नापेक्षा शहाणा वाटला. मी स्वतः तिकडे गेलेलो नाही. जाऊन आलेल्यांना विचारून आणि जे वाचले त्यावरून लिहीत आहे.

पहिली गोष्ट अंतराची. सौदी अरेबिया हा देश आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आहे आणि त्यातला बराचसा भाग नुसते वाळवंट. तिथला ४० क्रमांकाचा महामार्ग लाल समुद्राकाठच्या जेद्दापासून निघतो तो मक्का, ताइफ, राजधानी रियाध असे करत पलीकडच्या समुद्रावर दम्मामला पोचतो. हे अंतर सुमारे १४०० किलोमीटर भरते. साताऱ्याहून निघालेला ट्रक तेवढ्या अंतरात आग्र्याच्या आसपास जाईल. पण आपल्याकडे आग्र्यापर्यंत वाटेत किती गावे, किती धाबे, किती घाट! तिकडे पन्नास-पन्नास किलोमीटर काही नसते. १० क्रमांकाच्या महामार्गावर हरदपासून अमिरातीच्या सीमेच्या बाजूला सुमारे २४० किलोमीटरचा पट्टा असा आहे की त्यात वळण नाही. साताऱ्याहून मुंबई जवळजवळ तेवढीच. खंबाटकी नाही, खंडाळा नाही, स्टिअरिंग धरून नुसते समोर बघत राहायचे.

घाटातल्या ड्रायव्हरला वाटेल की हे तर किती सोपे. तसे ते नाही. घाट माणसाला जागे ठेवतो, सरळ रस्ता झोपवतो. डोळे उघडे असतात, पाय ॲक्सिलेटरवर असतो आणि मेंदू मात्र निजलेला असतो. आपल्याकडे हे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने दाखवून दिले. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्याआधीच १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसे गेली. लांब, सरळ, रिकाम्या रस्त्यावर डुलकी आणि तापून फुटणारा टायर हे दोन शत्रू असतात. आखातात ऊन आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. कुवेतमधील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदले गेले, आणि ते सावलीतले. डांबर त्याहून तापते. म्हणून टायरची हवा, टायरचे वय आणि केबिनमध्ये पाण्याचा कॅन या तीन गोष्टी तपासल्याशिवाय तिथला अनुभवी ड्रायव्हर चावी फिरवत नाही.

पाण्यावरून आठवले. अरबस्तानातला जुना नामांकित रस्ता इराकमधील कुफा शहराहून मक्केला जाणारा. बगदादचा खलिफा हारून अल रशीद याची बेगम झुबैदा हिने सुमारे १२०० वर्षांपूर्वी त्या वाटेवर यात्रेकरूंसाठी विहिरी आणि तलाव बांधवले, म्हणून आजही तो झुबैदाचा मार्ग म्हणून ओळखला जातो. त्याच्याही हजार वर्षे आधी सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला माणसांसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खणल्याचे, झाडे लावल्याचे गिरनारच्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. जुन्या लोकांना कळत होते की रस्ता म्हणजे नुसती सपाट केलेली जमीन नव्हे.

आखातातले आजचे डांबरी रस्ते मात्र फार जुने नाहीत. संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्रच २ डिसेंबर १९७१ रोजी स्थापन झाले. त्याआधी तिथे समुद्रकाठच्या वाळूतून चाकोरीने जावे लागे. आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना मी एक गंमत सांगतो. १९५९ पासून १९६६ पर्यंत त्या भागात आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला खास आखाती रुपया चालत होता. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचे दिनार सुरू केले आणि १९६६ मध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर बाकीच्या बहुतेकांनीही तो सोडला. पुढे १९७३ ला तेलाचे भाव चढले, पैसा आला आणि त्या पैशातून रस्ते झाले. दुबईचा शेख झायेद रोड आज फोटोत आपण बघतो, कित्येक पदरी, दोन्ही बाजूंनी मनोरे. सौदी आणि बहरीन यांना जोडणारा २५ किलोमीटरचा समुद्रावरचा किंग फहद पूल १९८६ मध्ये खुला झाला. ओमानहून सौदीला थेट जाणारा रस्ता तर आता, डिसेंबर २०२१ मध्ये, सुरू झाला. तो 'रुब अल खाली' म्हणजे रिकामा चतुर्थांश नावाच्या महावाळवंटातून जातो. अमिरातीतून वळसा घालून जाण्यापेक्षा सुमारे ८०० किलोमीटर वाचतात.

पैसा त्यांचा, पण हात कुणाचे? भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथल्या मजुरांचे. आणि हे काम फक्त डांबर ओतण्याचे नव्हे. समुद्रकाठची जमीन खारट व ओलसर, तिला तिकडे सबखा म्हणतात. तिच्यातले मीठ वर येऊन डांबर उचलते आणि फोडते, म्हणून आधी मोठा भराव घालावा लागतो. आतल्या भागात वाळूच्या टेकड्या वाऱ्याबरोबर सरकतात आणि रात्रीत रस्ता गिळतात. मग कुंपणे घालायची, झाडे लावायची आणि तरीही रोज लोडरने वाळू उपसायची. आपल्या आयाबायांना हे सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात माण-खटाव-कोरेगावच्या बायकांनी खडी फोडली, पाटीने मुरूम वाहिला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून अमलात आला, त्याच्या मुळाशी त्या बायकांचे हात आहेत. आपल्या भागातले कित्येक रस्ते त्याच कामांतून झाले. ते रस्ते करताना दुपारची सुट्टी मुकादमाच्या मर्जीवर होती. आखातात आता ती कायद्याने आहे. अमिराती आणि सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. कतारमध्ये तर २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत. रस्त्याच्या कामावर जाणाऱ्यांनी ही तारीख आणि वेळ पाठ करून जावे. कायदा आहे हे मजुराला ठाऊक नसले की तो कागदावरच राहतो.

आता स्टिअरिंगवर बसणाऱ्यांसाठी. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डाव्या हाताला असते. आपले लायसन तिथे नोकरीसाठी तसेच्या तसे चालत नाही. तिथले लायसन काढावे लागते, अवजड वाहनाचे वेगळे, आणि परीक्षेत नापास होणारे पुष्कळ असतात. या परीक्षेचा खर्च कुणी करायचा, नापास झाल्यास पगार मिळणार की नाही, हे करारात लिहून घ्यावे. जाऊन आलेले बरेच जण सांगतात की पहिले काही महिने त्यातच गेले आणि घरी पैसे पाठवता आले नाहीत.

पाट्या अरबी आणि इंग्रजीत असतात. आकडे पुष्कळ ठिकाणी अरबी. त्यातले २ आणि ३ आपल्याला ओळखीचे वाटतील, पण त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. ही चूक वेगमर्यादेच्या पाटीवर महागात पडते. मजा अशी की अरब लोक या आकड्यांना 'हिंदी अंक' म्हणतात, कारण ते त्यांच्याकडे हिंदुस्थानातूनच गेले. दहा आकडे शिकायला एक संध्याकाळ पुरते. जाण्याआधी शिकून जा.

कॅमेरे जागोजागी आहेत. सौदीत 'साहेर' नावाची यंत्रणा २०१० पासून आहे. हवालदाराशी बोलून मिटवू, ही आपली सवय तिथे चालत नाही. दंड गाडीच्या नंबरवर पडतो आणि महिन्याच्या शेवटी मालक तो पगारातून कापतो. दुबईत टोलनाका म्हणून थांबायचे ठिकाण नाही. २००७ पासून 'सालिक' नावाची चिकटपट्टी काचेवर असते आणि पैसे चालत्या गाडीतून वजा होतात. आपल्याकडे फास्टॅग २०२१ ला सक्तीचा झाला, तसाच हा प्रकार.

आणखी दोन धोके. एक उंट. रात्री तो अंगाच्या रंगामुळे दिसत नाही, आणि त्याचे पाय उंच असल्यामुळे धडक बसली की सगळे धड काचेवर येते. दुसरा धोका म्हणजे पाणी. वाळवंटात पाण्याचा धोका म्हटले की लोक हसतात. पण डोंगराळ भागात कोरडे ओढे असतात, त्यांना वादी म्हणतात. लांब कुठे पाऊस पडला की इकडे ऊन असताना लोंढा येतो. आपल्याकडे फरशी पुलावरून पाणी जात असताना ट्रॅक्टर घालणारे महाभाग आहेत, त्यांनी हे वाचावे. अमिरातीत पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २०२३ पासून २००० दिरहम दंड, लायसनवर २३ काळे गुण आणि गाडी ६० दिवस जप्त. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनच्या परिसरात चोवीस तासांत २५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शेख झायेद रोडवर गाड्या बुडाल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत रस्त्यांपैकी एक, पण गटाराचा विचार कमी पडला.

आता थोडा नाजूक विषय. जेद्दाहून मक्केकडे जाताना मक्केच्या अलीकडे एक तपासणी नाका आहे. तिथे रस्त्याला फाटा फुटतो. मुस्लिमांनी सरळ जायचे आणि इतर धर्मीयांनी वळणरस्त्याने ताइफकडे. मक्केच्या हद्दीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. चुकून गेला तरी दंड होतो, हद्दपारीही होऊ शकते. हा त्यांच्या पवित्र क्षेत्राचा नियम आहे. त्यात कुणाला हिणवण्याचा हेतू शोधू नये, आणि विटाळाशी त्याची गाठ घालू नये. ड्रायव्हरने तो फाटा आधीच नकाशात बघून ठेवावा एवढेच. सौदीत इतर धर्मीयांना जाहीर पूजा-प्रार्थनेचीही मोकळीक नाही, हे धरून चालावे.

पण याला लागून एक गोष्ट आपल्या मुलांच्या बाबतीत घडते, तिच्याविषयी लिहिलेच पाहिजे. आपल्या भारतीय पासपोर्टवर धर्म छापलेला नसतो. सौदीच्या व्हिसाच्या अर्जात मात्र धर्माचा रकाना असतो आणि तिथल्या ओळखपत्रावर, म्हणजे इकाम्यावर, त्याची नोंद होते. एका मुलाला त्याच्या एजंटाने सांगितले, "बौद्ध कशाला लिहितोस, उगाच चौकशी होईल, दुसरे काहीतरी लिही." मुलगा मला विचारायला आला. मी त्याला मसूर स्टेशनची गोष्ट सांगितली. १९०१ साली बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. पाडळीला गाडीत बसून ही मुले आपल्या रहिमतपूरवरूनच पुढे मसूरला उतरली. जात कळल्यावर कुणी बैलगाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे दिले आणि गाडी मुलांनीच हाकली. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते. मध्यरात्री टोलनाक्याच्या झोपडीपाशी पोचले तेव्हा गाडीवानाच्या सांगण्यावरून छोट्या भीमाने आपण मुसलमान असल्याचे सांगितले, उर्दूत बोलून पाणी मागितले. पाणी मिळाले नाही ते नाहीच. मुले उपाशी झोपली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते लिखाण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापले. त्या पुस्तिकेचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत.

त्या मुलाने अर्जात बौद्ध असेच लिहिले. व्यवहार म्हणूनही तेच बरोबर आहे. शाळेचा दाखला एक, व्हिसा दुसरा आणि इकामा तिसरा असे झाले, तर अडचणीच्या वेळी आपले कागद आपल्याच विरुद्ध साक्ष देतात.

अडचणीची वेळ म्हणजे मुख्यतः अपघात. आखाती कायद्यात अपघातात माणूस दगावला आणि दोष ड्रायव्हरचा ठरला, तर शिक्षेखेरीज मृताच्या वारसांना 'दिया' म्हणजे भरपाई द्यावी लागते. अमिरातीत २००३ च्या कायद्याने ती दोन लाख दिरहम ठरली. सौदीत २०११ मध्ये ती अपघाती मृत्यूसाठी तीन लाख रियालपर्यंत वाढवली गेली. आपल्या पोराने आयुष्यभर राबून एवढे पैसे साठायचे नाहीत. गाडीचा विमा असतो आणि भरपाई सहसा त्यातून जाते. परंतु ड्रायव्हरकडे त्या प्रकारच्या गाडीचे लायसन नसेल, किंवा तो उलट दिशेने घुसला असेल, तर विमा कंपनी दिलेले पैसे नंतर वसूल करू शकते. म्हणून मालक म्हणाला, "आज जरा हा ट्रेलर घेऊन जा, लायसन नंतर बघू," तर हात जोडून नाही म्हणायचे. नोकरी गेली तर तिकीट काढून घरी येता येते. विम्याशिवाय झालेल्या अपघातानंतर घरी येता येत नाही.

व्हिसाचे दोन प्रकार नीट ओळखा, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते. एक कंपनीचा ड्रायव्हर आणि दुसरा घरगुती ड्रायव्हर. एजंट दोन्हींना 'ड्रायव्हर व्हिसा'च म्हणतो. घरगुती ड्रायव्हर हा तिथल्या कायद्याने मोलकरणीच्या गटात येतो. सौदीने मार्च २०२१ पासून कामगारांना मालक बदलण्याची आणि देशाबाहेर जाण्याची थोडी मोकळीक दिली, तेव्हा घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्यातून वगळले गेले. घरगुती व्हिसावर गेलेला माणूस ट्रेलर चालवताना सापडला तर चूक त्याचीच धरली जाते. पासपोर्ट मालकाने काढून घेणे बेकायदा आहे, तरी ते सर्रास चालते. निदान झेरॉक्स आणि फोटो घरी आईकडे ठेवून जावे.

कागदाचे मोल कुवेतने शिकवले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. मी तेव्हा शाळकरी होतो. घरात मोठ्या माणसांच्या बोलण्यात त्या महिन्यात मंडल आणि कुवेत हे दोनच शब्द होते. विमानतळ बंद, समुद्र बंद, उरला फक्त रस्ता. कुवेतहून बसरा, बगदाद आणि तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मान, असे हजार किलोमीटरहून कितीतरी जास्त अंतर आपली माणसे बसने, मिळेल त्या गाडीने गेली. अम्मानहून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणले. विमाने सगळ्यांना आठवतात, चित्रपटही निघाला. पण विमानापर्यंत पोचवले ते त्या रस्त्याने आणि ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत अशा बस ड्रायव्हरांनी.

शेवटी एजंटाविषयी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावणाऱ्याकडे सरकारी नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणीकृत एजंट फी म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, पावतीसह. लाख-दीड लाख मागणाऱ्याला विचारा, बाकीचे कशाचे? जो दहावी नापास आहे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो, आणि आखातात कामाला जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवास खात्याची मंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीच्या वेळी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांना २७५ किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. एवढा स्वस्त विमा दुसरा नाही, पण पॉलिसीचा कागद मुलगा बॅगेत घालून नेतो आणि घरी कुणाला पत्ताच नसतो. तो कागद घरी राहिला पाहिजे. व्हिजिट व्हिसावर पाठवून "तिथे गेल्यावर बदलून घेऊ" म्हणणाऱ्या एजंटाच्या दारात पुन्हा जाऊ नये.

ज्यांना संकेतस्थळावर क्रमांक शोधणे जमत नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. कराराचा कागद इंग्रजी वा अरबीत असला तरी तसाच आणावा, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. शक्यतो सही करण्यापूर्वी आणावा. आईला बरोबर आणले तर आणखी चांगले, तिचे प्रश्न नेमके असतात.